बाबांना मृत्युपत्राचं कसं विचारायचं?

चरईकर:
नमस्कार मंडळी. खूप दिवस मनात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे काका जानेवारीत गेले, अगदी अचानक, संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारून आले आणि रात्री छातीत दुखायला लागलं. त्यानंतर काकूंची जी धावपळ चाललीय ती आम्ही रोज बघतोय. एका एफडीला नॉमिनी म्हणून काकांच्या आईचं नाव, त्यांना जाऊनच पंचवीस वर्षं झाली. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट घरात आहे की कुठे तेच माहीत नाही. परवा काकू जिन्यात भेटल्या, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी आणि त्यात सगळे कागद कोंबलेले, म्हणाल्या, "अरे यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही."

तेव्हापासून आमच्या घराची काळजी लागलीय. बाबा ७६, आई ७०. बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर. चरईतला हा एक फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, थोड्या एफडी, थोडं पोस्टात, आणि संगमेश्वरजवळ गावची जमीन, तिचा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर. आम्ही दोघं भावंडं, ताई डोंबिवलीला. भांडण अजिबात नाही. पण सोसायटीत रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सुरू झाल्यात आणि उद्या काही झालं तर सही कोणी करायची हेच कळणार नाही.

गेल्या रविवारी पोहे खाताना विषय काढला. बाबांनी बशी खाली ठेवली, म्हणाले "घाई झालीय का रे तुला?" आणि बाल्कनीत जाऊन बसले. दिवसभर बोलले नाहीत. आई पण माझ्यावरच चिडली.

तर दोन प्रश्न. तुमच्याकडे हा विषय कोणी आणि कसा काढला? आणि फ्लॅटला आईचं नॉमिनेशन केलेलंच आहे, मग मृत्युपत्राची खरंच गरज आहे का?

पाचपाखाडी_प:
वाचतेय. आमच्याकडे पण हेच, फक्त पोह्यांच्या जागी उपमा.

नेरूळची_स्मिता:
चरईकर, माझा अनुभव सांगते. मी विचारलंच नाही, आधी स्वतःचं केलं. माझं वय ४३, नेरूळला फ्लॅट नवऱ्याच्या आणि माझ्या नावावर, मुलगी नऊ वर्षांची. आम्ही दोघांनी वेगवेगळं मृत्युपत्र केलं, माझ्या अर्ध्याचं माझं आणि त्याच्या अर्ध्याचं त्याचं, आणि दोघंही एकदमच गेलो तर मुलीचा सांभाळ माझ्या बहिणीने करायचा असं लिहिलं. हे लिहिताना मी रडले, खोटं कशाला सांगू, पण लिहून झाल्यावर रात्री झोप चांगली लागली.

मग आईबाबांकडे गेल्यावर सहज सांगितलं की आम्ही केलं बरं का. बाबा म्हणाले "एवढ्या लवकर?" म्हटलं रोज ठाणे-बेलापूर रोडने गाडी चालवते, लवकर काय नि उशिरा काय. दोन महिन्यांनी त्यांनीच फोन करून विचारलं की तुझा तो वकील कोण. म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही करा" म्हटलं की टोचतं, "मी केलं" म्हटलं की टोचत नाही.

गजाननकाका_७१:
चरईकर, मी तुझ्या बाबांच्या बाजूचा माणूस आहे म्हणून जरा मोठं लिहितो, कंटाळा करू नकोस.

तुम्हा मुलांना वाटतं आम्हाला मरणाचा विषय नको असतो. तसं नाही रे. माझ्या वयाला दर महिन्याला कुणाच्या तरी तेराव्याला जाणं होतंच. भीती वेगळी असते. एकदा लिहून दिलं की घरात आपल्याला विचारेनासे होतील ही भीती. माझ्या एका मित्राने राहता फ्लॅट मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिला, त्याला वाटलं आपलं कर्तव्य झालं. आज तो त्याच घरात पाहुण्यासारखा राहतो, टीव्हीचा रिमोटसुद्धा मागून घेतो. हे डोळ्यासमोर असताना मुलाने "बाबा, कागद" म्हटलं की पोटात गोळा येतो.

मला हा फरक उशिरा कळला, तो तुझ्या बाबांना समजावून सांग. बक्षीसपत्र केलं की त्याच दिवशी घर गेलं. मृत्युपत्र केलं तर मी जिवंत असेपर्यंत कोणालाही कशाचाही हक्क मिळत नाही. मी फ्लॅट विकू शकतो, मृत्युपत्र फाडू शकतो, उद्या नवीन लिहू शकतो, परवा आणखी एक. शेवटचं लिहिलेलं असेल तेच खरं. हे कळल्यावर मी आठ दिवसांत केलं.

वकील_कोर्टनाका:
गजाननकाकांनी मुद्द्याचं सांगितलं. त्यांच्या मित्रासाठी एक. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्यातल्या २३ कलमाप्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितलंय. पण अट कागदात लिहिलेली हवी. प्रेमापोटी कोणी अट लिहीत नाही आणि नंतर माझ्याकडे येऊन रडतात.

आता चरईकर, तुमचा दुसरा प्रश्न. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा बोलतो. नॉमिनी हा विश्वस्त, त्याच्याकडे मालमत्ता ताब्यात येते ती खऱ्या वारसांना देण्यासाठी. सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत हे डिसेंबर १९८३ मध्ये सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, तेवढा अपवाद. सोसायटीत तर २०१९ पासून नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घेतात. म्हणजे तुमच्या आईचं नाव लागेल, कारभार चालेल, पण बाबांनी काही लिहून ठेवलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने फ्लॅटचे तीन समान वाटे, आई, तुम्ही आणि ताई. आजी हयात असती तर चौथा वाटा तिचा. नंतर घर विकायचं किंवा बिल्डरशी करार करायचा तर तिघांच्या सह्या.

बँकेतली एक चांगली गोष्ट सांगतो, १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सगळ्यांनी या निमित्ताने एकदा जुने नॉमिनी तपासा. वारलेल्या आईचं नाव असणारे तुमचे काका एकटे नाहीत.

खोपटचा_राजा:
वकीलसाहेब, आमच्या वडिलांनी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरी केलंय, पक्कं झालं ना?

वकील_कोर्टनाका:
साक्षीदारांच्या सह्या आहेत का? मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्कच नाही, साध्या फुलस्केप कागदावर हाताने लिहिलेलं चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी वडिलांना सही करताना पाहिलंय आणि मग स्वतः त्यांच्यासमोर सही केलीय. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातलं ६३ कलम. नोटरीचा शिक्का त्या दोन सह्यांची जागा घेऊ शकत नाही.

साक्षीदार ज्यांना मिळकत मिळणार त्यांच्यातले घेऊ नका. आणि वडिलांच्याच वयाचे मित्र पण नकोत. नंतर प्रश्न उठला तर निदान एका साक्षीदाराने कोर्टात येऊन सांगावं लागतं की हो, माझ्यासमोर सही झाली. ८० वर्षांच्या माणसाच्या मृत्युपत्राला ८२ वर्षांचे साक्षीदार घेतले तर पुढे सांगायला कोण उरणार?

खोपटचा_राजा:
एकच साक्षीदार आहे, नोटरीवाल्याचा माणूस. आज घरी जाऊन बघतो. धन्यवाद साहेब.

कळव्याचा_सुहास:
माझं मत जरा वेगळं आहे. एक वन बीएचके, दोन मुलं, त्यात काय एवढं वकील नि साक्षीदार. मुलांमध्ये प्रेम असेल तर कागद नाही लागत आणि प्रेम नसेल तर कागद असूनही कोर्टात जातात. आमच्या आधीच्या पिढीने काय केलं? चुलते बसले, चहा झाला, वाटण्या झाल्या. आपण सगळं उगाच कॉम्प्लिकेटेड करून ठेवलंय.

सानपाडा_सेक्टर४:
सुहास, असं मला पण वाटायचं आणि आमच्यात प्रेम आहे, आजही आहे, तरी सांगते काय झालं.

सासरे गेले २०१७ ला. फ्लॅट त्यांच्या नावावर, मुलगे दोन, माझा नवरा आणि मोठे दीर. सासूबाई आधीच गेलेल्या. दोघं भाऊ म्हणाले कशाला घाई, राहू दे बाबांच्या नावावर, बघू नंतर. २०१९ मध्ये दीर गेले. आता त्यांचा अर्धा कोणाचा, तर जाऊबाईंचा आणि त्यांच्या मुलाचा, तो तेव्हा अकरा वर्षांचा. जाऊबाईंना पैशांची गरज होती, आम्हालाही फ्लॅट विकायचाच होता, सगळ्यांचं एकमत, गिऱ्हाईक तयार. आणि तिथे कळलं की अल्पवयीन मुलाचा हिस्सा विकायला आईलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्याच आजोबांचं घर विकायचं तर त्याच्या आईने न्यायाधीशांसमोर सांगायचं की मी त्याचं नुकसान करत नाहीये. त्यात मध्ये कोविड. गिऱ्हाईक केव्हाच गेलं. जाऊबाईंनी सोनं मोडून पोराची फी भरली.

कोणी कोणाशी भांडलं नाही. सासऱ्यांनी एक पान लिहून ठेवलं असतं, आणि दिरांनी आपल्या वाट्याचं बायकोच्या नावाने एक पान लिहिलं असतं, तर हे झालं नसतं. प्रेम होतंच हो. कोर्टात प्रेमाला कोणी विचारत नाही, कागद विचारतात.

कळव्याचा_सुहास:
ताई, ही बाजू लक्षातच आली नव्हती. माझी मुलं पण सहा आणि दहाची आहेत. घेतो मनावर.

घणसोली_गाववाला:
आमच्या आगरी-कोळ्यांकडचं पण सांगायला पाहिजे कारण नवी मुंबई उभीच आमच्या ९५ गावांच्या जमिनीवर आहे. सिडकोने जमिनी घेतल्या, त्याबदल्यात साडेबारा टक्के योजनेतले भूखंड. पण जमीन पणज्याच्या नावावर, पणज्याला पाच मुलं, त्यांची पुढे वीस-पंचवीस, तर फाईल पुढे सरकवायची म्हणजे आधी सगळ्यांचा वारस दाखला. एक जण जरी रुसून बसला की फाईल तिथेच. आमच्या घरातली फाईल चौदा वर्षं चालली. त्या चौदा वर्षांत तीन वारस वारले, म्हणजे त्यांचे परत नवीन वारस.

आणि बहिणींचं. आमच्यात पद्धत अशी की बहीण तहसीलला येते, हक्कसोडवर अंगठा देते, जेवते, साडी घेते, जाते. माझ्या आत्याने अशीच सही दिली, तेव्हा म्हणाली "मना काय नको रं, माझा म्हायेर तेवढा ठेवा." आत्याचा नवरा लवकर गेला, तिने कोपरखैरण्याच्या बाजारात मासळी विकून पोरं वाढवली आणि इकडे तिच्या भावांच्या चार-चार मजली चाळी. मला ते लहानपणापासून खटकायचं. माझे वडील गेल्या वर्षी आजारी पडले तेव्हा मी बोललो, माझ्या दोन बहिणींचं नाव लिहा, मला कमी आलं तरी चालेल. त्यांनी लिहिलं. गावात लोक बोलले मला, की पोरगा येडा आहे. बोलू देत.

मीनल_ब्रह्मांड:
गाववाला दादा, मनापासून नमस्कार तुम्हाला.

वकील_कोर्टनाका:
सलाम. यात कायद्याचं एवढंच जोडतो की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासून, २००५ ची दुरुस्ती, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असोत वा नसोत, फरक पडत नाही. तेव्हा वडील मृत्युपत्राने देऊ शकतात ते फक्त स्वतःचं स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जितमधला स्वतःचा वाटा, सगळ्यांचं नाही.

चरईकर, तुमच्या संगमेश्वरच्या जमिनीचंही तेच. सातबारा आजोबांच्या नावावर असताना बाबा ती अख्खी जमीन लिहून देऊ शकत नाहीत. आधी वारस नोंद करा, आणि आत्या असतील तर त्यांची नावं आधी लावा.

एकटी_सीवूड्स:
इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मिस्टर २०१४ ला गेले. आम्हाला मूल नाही. सीवूड्सचा फ्लॅट माझ्या नावावर, माझ्या पगारातून मी हप्ते फेडले, शेवटचा हप्ता भरला तेव्हा मी ५१ ची होते आणि घरी येऊन एकटीनेच श्रीखंड खाल्लं होतं.

मला सहज माहीत झालं की मी काही न लिहिता गेले तर हे घर माझ्या भावाकडे किंवा आईकडे जाणार नाही. हिंदू बाईला मूल नसेल, नवरा नसेल, तर तिचं स्वतः कमावलेलंसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. १९५६ च्या कायद्यातलं १५ कलम. फक्त आईवडिलांकडून वारसाने आलेलं असेल तेवढं माहेरी परत जातं. माझे दीर दहा वर्षांत एकदाही या घरात आलेले नाहीत. माझी आई ८० ची आहे, माझ्याजवळच राहते, आणि मी उद्या गेले असते तर तिला हे घर सोडावं लागलं असतं. त्या रात्री मी तिच्या पांघरुणाकडे बघत बसले होते.

पुढच्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं, आई असेपर्यंत तिने राहायचं, मग भाचीला. सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी पण केली, नोंदणी फी शंभर रुपये आणि वर पानांचे थोडे. बायांनो, तुम्ही एकट्या असाल, मूल नसेल, तर हा धागा वाचून झाल्यावर नका थांबू.

पाचपाखाडी_प:
ताई, अंगावर काटा आला. मला हे अजिबात माहीत नव्हतं, माझी मावशी अशीच एकटी आहे. आजच बोलते.

मुंब्र्याची_शबाना:
आमच्याकडे मुसलमानांचा नियम वेगळा आहे तेही असू दे इथे. आम्ही मृत्युपत्राने, म्हणजे वसियतने, कर्ज आणि दफनाचा खर्च वगळून उरेल त्याचा एक तृतीयांशच देऊ शकतो, बाकीचं ठरलेल्या हिश्श्याने वारसांना जातं. माझ्या अब्बांनी त्या एक तृतीयांशमधून घरकाम करणाऱ्या खालाला दीड लाख लिहिले होते. तिला वाचून दाखवलं तेव्हा ती पैशांना नाही, "साहेबांनी माझं नाव लिहिलं" यालाच रडत होती.

वाशी_२९:
एक प्रॅक्टिकल सांगतो, मृत्युपत्र असून उपयोग नाही जर कोणाला काय कुठे आहे तेच माहीत नसेल तर. आमच्या वडिलांच्या दोन एफडीच्या पावत्या आम्हाला २००६ च्या दिवाळी अंकात सापडल्या, रद्दीवाला वजन करत होता तेव्हा! दहा वर्षं हात न लावलेले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या फंडात पाठवते, ते बुडत नाहीत, परत मागता येतात, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता पण येतात. आम्हाला तिथे आजोबांचं एक खातं सापडलं.

आता मी एक दोनशे पानी वही केलीय. खाती, पॉलिसी, डिमॅट, लॉकरची चावी, गाडीचे कागद, कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं. मोबाईलचा पिन वेगळ्या पाकिटात. वही फ्रिजवर असते, बायको आणि मुलगा दोघांना माहीत आहे. मृत्युपत्रात खाते नंबर लिहीत बसू नका, ते बदलत राहतात.

ऐरोली_जोशी:
२००६ च्या दिवाळी अंकात, म्हणजे तो अंक तेवढी वर्षं कोणी वाचायला उघडलाच नाही की काय :)

वाशी_२९:
आईने वाचला होता हो, पावत्यांच्या अलीकडच्या पानापर्यंत.

मीनल_ब्रह्मांड:
आमचा मुलगा २४ वर्षांचा, ऑटिझम आहे. त्याच्या नावावर काही लिहून ठेवलं तर तो ते सांभाळू शकणार नाही, आणि धाकटीच्या नावावर सगळं केलं तर तिच्यावर आयुष्यभराचं ओझं. शिवाय १८ पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत हे आम्हाला बँकेत कळलं. आम्ही नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घेतलं. मृत्युपत्रात त्याच्यासाठी छोटा खासगी ट्रस्ट लिहिलाय, विश्वस्त तिघं, त्यात धाकटी एक. आणि सोबत चार पानांचं पत्र जोडलंय, त्याला कायद्याने काही किंमत नाही पण माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. त्यात लिहिलंय की त्याला वरणभात कालवलेला चालत नाही, वेगवेगळा वाढायचा, आणि लोकलमध्ये खिडकी नाही मिळाली तर पुढची गाडी पकडायची.

गजाननकाका_७१:
मीनल, पोरी, ते चार पानांचं पत्र आम्ही सगळ्यांनीच लिहायला हवं.

नेरूळची_स्मिता:
वकीलदादा, नोंदणी करायचीच का? आणि प्रोबेट प्रोबेट म्हणतात ते? ऑनलाइन मृत्युपत्र करून देणाऱ्या जाहिराती पण येतात.

वकील_कोर्टनाका:
नोंदणी सक्तीची नाही, पण मी सांगतो करा. फोटो, अंगठा, तारीख सरकारी दप्तरात राहते, मूळ कागद हरवला तरी नक्कल मिळते. खूप आजारी माणसासाठी निबंधक घरी येण्याचीही सोय आहे. वय जास्त असेल तर त्याच आठवड्यातलं फॅमिली डॉक्टरचं पत्र जोडा की मनाने पूर्ण सावध आहेत. नोंदणी केलेलं मृत्युपत्रसुद्धा नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्राने रद्द होतं, हे मात्र लक्षात ठेवा.

ऑनलाइन मसुदा करून घ्या हवं तर, पण शेवटी कागदावर छापून, पेनाने सही, समोर दोन माणसं. मृत्युपत्राला डिजिटल सही चालत नाही.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाकडून प्रमाणित करून घेणं. त्याची गंमत अशी होती की ते मुंबईच्या हद्दीत सक्तीचं आणि मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात आलं की नाही. एकाच माणसाचा मुलुंडला एक फ्लॅट आणि कोपरीला एक, तर पहिल्याला हायकोर्टात खेटे आणि दुसऱ्याला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने वारसा कायद्यातलं ते सक्तीचं २१३ कलमच काढून टाकलं. वारसांमध्ये वाद असेल तर कोर्ट आहेच.

चरईकरांसाठी अजून एक, हे मी खूप पाहतो. लोक लिहितात "फ्लॅट पत्नीला, तिच्यानंतर मुलाला". एकदा पत्नीला पूर्ण मालकीने दिलं की "तिच्यानंतर" ला अर्थ उरत नाही, आणि तिला फक्त राहण्याचा हक्क दिला तर तिला अडचणीला विकता येत नाही. यावरून वर्षानुवर्षं केसेस चालतात. ठरवा काय हवंय ते आणि सरळ शब्दांत लिहा. पत्नी आधी गेली तर काय, तेही लिहा. खाडाखोड झाली तर ते पान नव्याने लिहा.

बेलापूर_खाडी:
सिडकोच्या घरवाल्यांनी एक बघा, जमीन लीजवर असते, त्यामुळे वारसाचं नाव लावताना सोसायटीबरोबर सिडकोकडेही ट्रान्सफरचा अर्ज करावा लागतो. मूळ अ‍ॅलॉटमेंट लेटर जपून ठेवा.

ऐरोली_जोशी:
अवांतर: व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे पण लिहून ठेवता येतं ना?

वकील_कोर्टनाका:
येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पण तो वेगळा कागद, मृत्युपत्रात घालू नका, कारण मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. यावर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

चरईकर:
धागा वर काढतोय, पाच आठवडे झाले. सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय.

स्मिताताईंचं ऐकलं. बाबांना काही न विचारता स्वतःचं लिहायला बसलो, मुद्दाम नाही, डायनिंग टेबल सोडून घरात दुसरी जागाच नाही लिहायला. बाबा पेपर वाचत होते. थोड्या वेळाने मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले "मृत्यूपत्र नाही, मृत्युपत्र. समासात यु ऱ्हस्व." मी खोडून परत लिहिलं. मग ते पूर्ण वाचलं त्यांनी, मी माझ्या वाट्याचं सगळं बायकोला आणि पीएफमधलं काही आईला लिहिलं होतं ते दोनदा वाचलं. काही न बोलता आत गेले आणि कपाटातून एक डायरी घेऊन आले. २००९ ची, कंपनीकडून मिळालेली.

त्यात त्यांनी लिहिलेलंच होतं सगळं! सुंदर अक्षरात, अडीच पानं. सतरा वर्षं ते समजत होते की आपलं मृत्युपत्र झालंय आणि आपला मुलगा विनाकारण कागद मागतोय. खाली त्यांची सही, तारीख. साक्षीदार एकही नाही. मी वकीलसाहेबांचा प्रतिसाद दाखवला तेव्हा चष्मा काढून बराच वेळ टेबलाकडे बघत बसले.

मजकूर असा होता की फ्लॅट मला, एफडीतलं निम्मं ताईला, आणि "सौ. ला चि. ने आजन्म सांभाळावे." मी हे मोठ्याने वाचलं आणि आई कणीक मळत होती ती तशाच हाताने बाहेर आली. म्हणाली, "मला कोणी सांभाळायला नको. माझं घर माझ्या नावावर हवं." पन्नास वर्षांत तिने असं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, बाबांनीही नसावं. ती परत आत गेली. पोळीचा वास आला तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो.

तर आता असं झालंय. फ्लॅट पूर्ण मालकीने आईला, पुढे तिने तिचं ठरवायचं. आई आधी गेली तर मला आणि ताईला अर्धा-अर्धा, हे मी सांगितलं, आणि घणसोलीच्या दादांचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला होता हे इथे कबूल करतो. साक्षीदार समोरच्या ब्लॉकमधला चाळिशीचा मुलगा आणि त्याची बायको. डॉक्टरांचं पत्र जोडलं. गेल्या मंगळवारी नोंदणी झाली, बाबांचा अंगठा मशीनवर तीनदा उमटला नाही, हाताला क्रीम लावून चौथ्यांदा उमटला. बाहेर आल्यावर म्हणाले "भूक लागलीय", आणि तिघांनी स्टेशनजवळ उभ्या उभ्या वडापाव खाल्ला.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे बाबाच जातात आता संध्याकाळी, कागद लावून द्यायला. एफडीचं काम झालं, शेअर सर्टिफिकेट देव्हाऱ्याच्या खणात होतं.

वकीलसाहेब, दोन गोष्टी विचारायच्यात. गावच्या सातबाऱ्यासाठी मे मध्ये तलाठ्याकडे जातोय, दोन्ही आत्यांना फोन केला, मोठ्या आत्या ८१ च्या आहेत, त्यांना तिथे यावंच लागेल का? आणि आईला तिचं वेगळं करायचंय. पाटल्या आणि मोहनमाळेबद्दल तिच्या मनात काहीतरी पक्कं आहे, पण ते ती आम्हाला सांगणार नाही म्हणते, फक्त वकिलांना सांगणार. शनिवारी तुम्ही असता का कोर्टनाक्याला?

वकील_कोर्टनाका:
आत्यांना एवढ्या लांब नेऊ नका, अर्ज मी बघतो, तुम्ही आजोबांचा मृत्यू दाखला आणि सगळ्यांचे आधार आणा. शनिवारी अकराला या. आईंना घेऊन या आणि तुम्ही बाहेर बसा.